केळीच्या खोडापासून पेशींच्या जेलपर्यंत: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यासाठी लागणारं जेल आपल्याकडेच, केळीच्या खोडातल्या सेल्युलोजपासून (वनस्पतींच्या धाग्यातल्या मुख्य घटकापासून) बनवून विद्यापीठातून एखादी कंपनी उभी राहू शकते, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर खान्देशातून बरेच प्रश्न आले. त्यातले पाच इथे घेतो.

प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये पेशी वाढतातच की. मग महागडं जेल कशाला? – एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, जळगाव

वाढतात, पण शरीरातल्यासारख्या वागत नाहीत. मेंदूच्या ऊतींचा कडकपणा साधारण 1 किलोपास्कल असतो. प्लास्टिक त्याहून लाखो पट कडक. 2006 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच प्रकारच्या मूलपेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर ठेवल्या. मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वाटेने गेल्या, मधल्या जेलवर स्नायूंच्या आणि कडक जेलवर हाडांच्या. पेशी कशावर बसली आहे, यावरही तिचं वागणं ठरतं, हे त्या प्रयोगातून स्वच्छ दिसलं.

सध्या जगभर सर्वाधिक वापरलं जातं ते मॅट्रिजेल. ते उंदरातल्या कर्करोगाच्या एका गाठीपासून काढतात. त्यात 1,800 हून अधिक प्रथिनं सापडली आहेत आणि त्यांचं प्रमाण लॉटनुसार बदलतं. मार्चमध्ये जमलेला प्रयोग जुलैत नव्या बाटलीवर फसला, तर दोष पेशींचा की जेलचा, हे कळायला मार्ग नसतो. नव्या कंपनीला जागा आहे ती इथे.

आमच्याकडे घड कापल्यावर खोडांचे ढीग पडतात. तुमची जेलवाली कंपनी ती विकत घेईल का? – केळी उत्पादक, रावेर

भाऊ, सरळ सांगतो: या धंद्याने तुमचा ढीग हटणार नाही. असल्या जेलमध्ये सेल्युलोज एक-दोन टक्केच असतं, बाकी सगळं पाणी. म्हणजे 1 किलो शुद्ध सेल्युलोजपासून 50 ते 100 लिटर जेल होतं, आणि प्रयोगशाळा ते मिलिलिटरमध्ये विकत घेतात. फिनलंडमधली यूपीएम ही लाकूड-कागदाची मोठी कंपनी बर्चच्या लाकडापासून ‘ग्रोडेक्स’ नावाचं असंच जेल बनवते. पण त्या जेलसाठी तिला काही जंगल लागत नाही. खोडाला मागणी हवी असेल तर धागा, कागद आणि गांडूळखत हेच रस्ते आहेत. कोणी ‘बायोमटेरियल प्रकल्प’ म्हणून शेतकऱ्यांकडून पैसे गोळा करत असेल, तर हा हिशेब त्याच्यापुढे मांडा.

तरीही तुमच्या बागेचा उपयोग आहेच. एकाच बागेतलं, एकाच वाणाचं, खताच्या आणि फवारणीच्या नोंदी असलेलं थोडंसंच खोड संशोधकाला वर्षभर पुरतं. अशा नोंदवह्या ठेवणारा शेतकरी कंपनीला मोठा आधार असतो, आणि त्या मालाचा भाव ढिगाच्या भावाने ठरू नये, हे मी कंपनीवाल्यांनाही सांगत असतो.

आमचं सेल्युलोज जेल तयार आहे, तीन बॅचमध्ये पेशी छान जगल्या. विक्री सुरू करावी का? – संशोधक, शिरपूर

अजून नको. आधी तीन गोष्टी बघा.

पहिली, एंडोटॉक्सिन, म्हणजे काही जिवाणूंच्या भिंतीतलं विष. खोड शेतातून येतं, त्यावर मातीतले जिवाणू असणारच. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, 121 अंशांना जिवाणू मरतात, पण त्यांच्यातल्या ग्रॅम-निगेटिव्ह गटाच्या भिंतीतलं हे विष शाबूत राहतं. ते नष्ट करायला 250 अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास लागते. काचेला ती चालते, जेलचा मात्र कोळसा होईल. घट्ट जेल 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही जात नाही. त्यामुळे स्वच्छता सुरुवातीपासूनच सांभाळावी लागते: पाणी, भांडी, रसायनं, सगळ्यांची. साध्या पेशी एंडोटॉक्सिन सोसतात, म्हणून तुमच्या ते लक्षात आलं नसेल. ग्राहकाने रोगप्रतिकारक पेशी टाकल्या की पहिल्याच दिवशी तक्रार येईल. प्रत्येक लॉटची एलएएल ही एंडोटॉक्सिन मोजणारी चाचणी करून आकडा बाटलीसोबत द्या.

दुसरी, पेशींची चिकटण. सेल्युलोजला पेशी स्वतःहून धरत नाहीत. गोळे करून राहतात. यकृताच्या किंवा गाठीच्या पेशींचे गोळेच हवे असलेल्या प्रयोगशाळांना हे सोयीचं. पसरणाऱ्या पेशी हव्या असतील तर आरजीडी हा तीन अमिनो आम्लांचा तुकडा जोडावा लागतो. पेशी शरीरातल्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनाला त्याच जागी धरतात, हे 1984 मध्ये समजलं. दोन्ही ग्राहकांना एकच बाटली विकायला जाऊ नका.

तिसरी गोष्ट तुमच्या बाजूची आहे. मॅट्रिजेल बर्फावर हाताळावं लागतं, गरम झालं की बाटलीतच घट्ट होतं. खान्देशातला मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा 45 च्या घरात. तुमचं जेल साध्या कुरिअरने, बर्फाशिवाय, भुसावळहून गुवाहाटीला पोचून तसंच वागलं, तर ते तुमचं सर्वांत मोठं विक्रीचं कारण ठरेल. हे तोंडी सांगू नका. मे महिन्यात खरंच पाठवा, परत मागवा, कडकपणा मोजा आणि तो तक्ता ग्राहकाला दाखवा.

तीन बॅच तुम्ही स्वतः केल्या. चौथी दुसऱ्याच्या हातून, लिहिलेल्या पद्धतीवरून करून घ्या. ती जुळली की मग मालाला माल म्हणा.

परिषदेत पोस्टर लावलं आहे. आता पेटंट मिळेल का? आणि विद्यापीठ किती वाटा घेतं? – सहाय्यक प्राध्यापक, धुळे

पोस्टरची तारीख घेऊन लगेच पेटंट वकिलाकडे जा. आधी जाहीर झालेल्या शोधासाठी आपल्या कायद्यात 12 महिन्यांची सवलत आहे, पण मोजक्याच प्रसंगांना. तुमची परिषद त्यात बसते का, हे त्यांनाच ठरवू द्या. युरोपचा दरवाजा बहुधा बंद झाला. पुढच्या वेळी आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज, मग पोस्टर. त्या अर्जानंतर पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात. कच्चा माल इथल्या पिकाचा असल्याने जैवविविधता कायद्याची नोंदणीही पाहावी लागेल. 2023 च्या दुरुस्तीनंतरचे नियम वाचा.

वाट्याबाबत: केंद्राच्या 2019 च्या नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात जागा, उपकरणं आणि पेटंटच्या बदल्यात संस्थेने 2 ते 9.5 टक्के हिस्सा घेण्याची तरतूद आहे. पेटंट विद्यापीठाच्या नावावर असेल तर कंपनीला लेखी लायसन्स लागतंच. कुलगुरू बदलले तरी टिकेल असा कागद करा. सुरुवातीच्या पैशांसाठी बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेची ‘बिग’ योजना आहे, 50 लाख रुपयांपर्यंत.

असं जेल भाजलेल्या जखमेवर लावता येईल का? – परिचारिका, भुसावळ

ताई, अजिबात नाही. ‘फक्त संशोधनासाठी’ असा शिक्का असलेली बाटली रुग्णापर्यंत जाता कामा नये. जखमेवरचं ड्रेसिंग हे वैद्यकीय उपकरण ठरतं, त्याला 2017 च्या नियमांप्रमाणे वेगळा परवाना आणि वेगळ्या चाचण्या लागतात. दोन्हींचा कच्चा माल एक असला तरी पेशींवरची चाचणी माणसाच्या जखमेसाठी पुरत नाही. कोणी नमुना म्हणून वॉर्डात आणून दिलं तर परत करा, आणि डॉक्टरांना कळवा.