मोहाची फुलं वेचणं खरंच गुन्हा होता का?

प्रश्न: आमचं गाव वाडा तालुक्यात. आजी सांगायची, इंग्रजांच्या काळात घरात मोहाची सुकी फुलं सापडली तरी शिपाई त्रास द्यायचे. नुसत्या फुलांसाठी? की लोकांनी दारू सोडावी म्हणून सरकारनं तसं केलं होतं?

उत्तर: आजीचं अगदी खरंय. ठाणे आणि कुलाबा (म्हणजे आताचा रायगड) या दोन जिल्ह्यांसाठी 1892 मध्ये खास मोहाच्या फुलांचाच कायदा आला, फुलं साठवायची, विकायची, इकडून तिकडे न्यायची तर त्यावर बंधनं. पण दारू सुटावी हा हेतू मुळीच नव्हता हो, भानगड सगळी महसुलाची!

त्याआधी 1878 चा मुंबई अबकारी कायदा झालेला. घरच्या घरी गाळणं बंद, दारू सरकारी देखरेखीखालच्या भट्टीतलीच घ्यायची आणि विक्रीचा मक्ता लिलावात जाणार, तो घेणारे बरेचसे पारशी व्यापारी. आपण दारूच्या दुकानाला गुत्ता म्हणतो ना, त्या शब्दाचा मूळ अर्थच मक्ता. आता उरणच्या भट्ट्यांना फुलं पार गुजरातेतल्या पंचमहालातून यायची आणि इथे वारल्याच्या दारात मोहाचं झाड उभं, चैतात पहाटे फुलं टपटप पडतात, बायका आधी झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात आणि उजाडता उजाडता टोपल्या भरतात, म्हणजे कच्चा माल फुकट. मडकं, नळी आणि चूल असली की झालं, मग गुत्त्यावर पैसे टाकायला कोण जाणार? म्हणून सरकारनं थेट फुलावरच हात टाकला.

मला यात सगळ्यात जास्त लागतं ते हे, की मोह म्हणजे फक्त दारू नव्हे. धान्य संपलं की हीच फुलं उकडून पोट भरायचं, बियांचं तेल निघायचं. नेमकं तेच अन्न संशयात आलं.

दारू सोडायची चळवळ झाली ती लोकांतूनच. 1922 च्या सुमारास पालघर किनाऱ्यावरच्या कोळ्यांपासून देवीची लाट उठली, अंगात आलेली देवी सांगायची दारू-ताडी सोडा, आणि ती लाट वारली पाड्यांतून पार सुरतेपर्यंत गेली.

फुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची बंधनं महाराष्ट्र सरकारनं आदिवासींसाठी उठवली ती थेट 2021 मध्ये. गाळायला परवाना मात्र आजही लागतोच.