नॉर्वेतल्या एखाद्या बंद झालेल्या छोट्या कोम्यूनचा इतिहास कोणी सांगेल का?

मी ब्यार्कोयबद्दल सांगतो, कारण एवढ्याशा बेटाला एवढा मोठा इतिहास मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

शाळा, पाणी, म्हाताऱ्यांची देखभाल असं सगळं पाहणारी स्थानिक संस्था म्हणजे कोम्यून. १८३८ पासून ती नॉर्वेभर आहे. ब्यार्कोयची कोम्यून होती उत्तरेला, ट्रॉम्स प्रांतात: ब्यार्कोया, सँडसोया आणि ग्रिटोया बेटाचा काही भाग. शेवटी शेवटी वस्ती पाचशेच्याही आत आली होती.

पण हजार वर्षांपूर्वी इथे तूरे हुंड नावाचा बलाढ्य सरदार राहायचा. हुंड म्हणजे कुत्रा. त्याचा पुतण्या आस्ब्यर्न जवळच्याच ट्रोंडेनेसचा. उत्तरेत पिकं बुडाली, आणि राजा ऊलावने दक्षिणेतून धान्य बाहेर न्यायला बंदी घातलेली. आस्ब्यर्न तरी गेला, धान्य मिळवलं, पण राजाच्या कारभाऱ्याने ते वाटेतच काढून घेतलं. पुढच्या वर्षी आस्ब्यर्नने त्या कारभाऱ्याला राजासमोरच मारलं. पुढे राजाच्या माणसाने आस्ब्यर्नला भाल्याने मारलं. त्याच्या आईने, सिग्रिडने, तोच भाला तूरेच्या हाती दिला. १०३० साली स्टिकलेस्टाडच्या लढाईत तूरेने तो राजाच्या पोटात खुपसला, असं सागा, म्हणजे तिथल्या जुन्या गद्य कथा, सांगतात. मारला गेलेला तो राजा पुढे नॉर्वेचा संत झाला! धान्याच्या एका खेपेवरून पेटलेलं वैर इथवर पोचलं, आणि त्या आईची जिद्द मला आजही अस्वस्थ करते.

आता कोम्यूनकडे येतो. १९६० च्या आसपास सरकारने देशातल्या कोम्यूनची संख्या ७४४ वरून ४५४ वर आणली. ट्रोंडेनेसची कोम्यून १९६४ मध्ये शेजारच्या हार्स्टाड शहराच्या कोम्यूनमध्ये गेली, ब्यार्कोय मात्र टिकली. ती विलीन झाली १ जानेवारी २०१३ ला, तीही हार्स्टाडमध्येच. बेटांना पक्का रस्ता हवा होता आणि विलीनीकरण त्याच्याशी जोडलेलं होतं. २०१८ मध्ये तो रस्ता झाला: ग्रिटोया ते ब्यार्कोया समुद्राखालून तीन किलोमीटरहून लांब बोगदा, आणि सँडसोयाला पूल. माझ्या मते लोकांनी शहाणपणाने सौदा केला. दवाखान्याला जायला वादळात होडीची वाट पाहणं ज्यांच्या नशिबी येतं, त्यांना नावापेक्षा रस्ता जवळचा वाटणारच.

तरी ग्रिटोयाहून हार्स्टाडच्या बाजूला जायला अजून फेरीबोटच लागते. आणि तूरेचं ब्यार्कोय व सिग्रिडचं ट्रोंडेनेस आज एकाच कोम्यूनमध्ये आहेत.