सोसायटीत बंद फ्लॅटमध्ये चोरी झाली तर भरपाई सोसायटीकडून मिळते का?

आपोआप नाही मिळत. सोसायटी काय विमा कंपनी नाही. निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि त्याला कागद लागतो, नाहीतर कमिटी सरळ म्हणते आम्हाला काय माहीत.

तुमचा प्रश्न वाचून जुनी खपली निघाली म्हणून सांगतो. आमची ठाण्यातली बिल्डिंग, मागे डक्ट, डक्टमध्ये ड्रेनेजचे पाइप आणि प्रत्येक ड्राय बाल्कनी त्या पाइपाला हात पुरेल इतकी जवळ, त्यात कंपाउंडला लागून कुणीतरी हौसेने लावलेली मेंदी डोक्याच्या वर गेलेली आणि मागचा दिवा कायम बंद. चोराला शिडी, आडोसा, अंधार, सगळं मेंटेनन्समध्येच. मी आयुष्यभर आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगं काढली, गप्प बसवेना. एजीएममध्ये सांगितलं, मेंदी कमरेएवढी छाटा, डक्टला खाली लोखंडी दार करा, दिवा लावा. ऑस्कर न्यूमन नावाच्या आर्किटेक्टने १९७२ मध्येच मांडलंय की जागाच अशी करा की राहणाऱ्यांची नजर येताजाता तिथे पडेल. सेक्रेटरी म्हणाले, "काका, आपण कॅमेरे घेतोय ना, कशाला टेन्शन घेता." मी तेच सगळं पत्रात लिहून दिलं.

कॅमेरे आले. गेटवर, लॉबीत, लिफ्टमध्ये. डक्टकडे एकही नाही, कारण तिथे कोण जातंय! गणपतीत पहिल्या मजल्यावरचं कुटुंब कोकणात गावी गेलं आणि चोर पाइपावरून चढून ड्राय बाल्कनीचं स्लायडिंग उचकटून आत. सेफ्टी डोअर, कडीकोयंडा सगळं जागच्या जागी. फुटेजमध्ये काय, तर खुर्चीत झोपलेला वॉचमन आणि एक मांजर. वर तेच सेक्रेटरी मीटिंगमध्ये म्हणतात, लोक घरात दागिने ठेवून जातातच कशाला! मी पत्राची कॉपी पुढे केली, इनवर्डचा शिक्का आणि तारीख असलेली. चेअरमनना एकदम तहान लागली.

तर मुद्दा हा. धोका आधी लेखी कळवला होता का, आणि ती जागा कोणाच्या ताब्यात आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या एका मोठ्या अपार्टमेंट बिल्डिंगमध्ये एक भाडेकरू बाई राहायला आली तेव्हा मेन दारावर २४ तास डोअरमन होता, पुढे तो काढला, गुन्हे वाढतायत हे मालकाला माहीत होतं आणि १९६६ मध्ये कॉमन पॅसेजमध्ये तिच्यावर हल्ला झाला. १९७० मध्ये तिथल्या अपील कोर्टाने मालकाला जबाबदार धरलं, की पॅसेज तुझ्या ताब्यात, धोका तुला ठाऊक, मग बंदोबस्तही तूच करायचास. तो निकाल इथे लागू नाही हे आमच्या सेक्रेटरींनी लगेच ऐकवलं. नसू दे, इथेही वकील आधी हेच दोन प्रश्न विचारतो.

सिक्युरिटी एजन्सीचं अ‍ॅग्रीमेंट मागून घ्या, चोरी झाली तर काय हे त्यात असतं, बहुतेक एजन्सीच्याच सोयीचं. खासगी सिक्युरिटी एजन्सींसाठीच्या २००५ च्या कायद्याखालचं लायसन्स एजन्सीकडे आहे का तेही बघा.

आणि हो, मी वकील नाही. एफआयआर आधी करा, खरेदीची बिलं शोधून ठेवा. तुमच्याच बाल्कनीला ग्रिल नसेल तर समोरचा तो मुद्दा काढणारच. फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करणं मालकाच्याच गळ्यात, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात त्यासाठी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं वेगळं.

आमच्या पहिल्या मजल्यावाल्यांनी केस केलीच नाही, म्हणाले रोज लिफ्टमध्ये तोंडं बघायची आहेत. डक्टचं दार मात्र बसलं. मिनिट्समध्ये लिहिलंय, "सेक्रेटरींच्या सूचनेनुसार". ते दुरुस्त करा म्हणून मी पत्र दिलंय, अजून उत्तर नाही.