‘माझा चेहराच मठ्ठ दिसतो’

‘मॅडम, माझा चेहराच मठ्ठ दिसतो. मी तोंड उघडायच्या आत लोकांचं ठरलेलं असतं.’ ही तक्रार माझ्याकडे सतत येते, आणि गंमत म्हणजे चांगल्या हुशार माणसांकडून येते.

त्यातलाच एक तिशीचा तरुण. (ओळख बदलली आहे.) गोल चेहरा, जड पापण्या, ऐकताना तोंड किंचित उघडं. काम हिशेब तपासण्याचं. पापण्यांची शस्त्रक्रिया करून घ्यावी का, हे विचारायला आला होता.

पहिल्या दोन भेटी मी त्याला यावरचं संशोधन काय म्हणतं ते सांगितलं. चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी माणसाचं मत बनतं. जास्त वेळ पाहिल्यावर मत फारसं बदलत नाही, फक्त त्यावरचा विश्वास वाढतो. २०१४ साली प्रागमधल्या संशोधकांनी ८० विद्यार्थ्यांचे फोटो लोकांना दाखवले. लांबट चेहऱ्याची, लांब नाकाची माणसं लोकांना हुशार वाटली. पण चेहऱ्याची ठेवण आणि चाचणीतले गुण यांचा मेळ काही लागला नाही. त्याने मान डोलावली. फरक शून्य.

तिसऱ्या भेटीत तो म्हणाला, ‘एक बोलू? पहिल्या दिवशी फॉर्म भरताना तुम्ही मला एकेक रकाना बोटाने दाखवून समजावलात. माझ्या आधीच्या बाईंच्या हातात नुसता फॉर्म दिलात.’

‘सगळ्यांनाच समजावते हो’ हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. इतक्या वर्षांत तेवढं तरी शिकले आहे.

‘खरंय. तुम्हाला जमणार नाही असं वाटलं मला.’

‘मग मत बदललं कधी?’

‘फॉर्ममधले दोन प्रश्न एकच आहेत हे तुम्ही दाखवलंत तेव्हा.’

‘म्हणजे पाच मिनिटांत!’ तो पहिल्यांदाच हसला.

‘ऑफिसच्या मीटिंगमध्ये किती बोलता?’

‘नाही बोलत. उपयोग काय?’

‘मग त्या बिचाऱ्यांकडे तुमच्या पापण्यांशिवाय आहे काय?’

तो बराच वेळ गप्प बसला. मीही बसले. चेहरा छळत नाही, चेहऱ्याबद्दल आपण स्वतःला ऐकवलेलं वाक्य छळतं, अशी माझी जुनी धारणा आहे. ते वाक्य खरं मानून तो गप्प बसायचा, आणि गप्प बसल्यामुळे ते खरं ठरायचं.

म्हणून अशांना मी सांगते: पहिल्या पाच मिनिटांत एक तरी नेमका प्रश्न विचारा. झोप पुरी करा. थकलेले डोळे आणि ओघळलेलं तोंड लोक मंदपणा म्हणून वाचतात. पापणी नजरेच्या आड येत असेल तर नेत्रतज्ज्ञांना जरूर दाखवा, पण केवळ लोकांच्या मतासाठी शस्त्रक्रिया करायची असेल तर सहा महिने थांबा. आणि शिक्षकांनो, सोपे प्रश्न आपण नेहमी कुणाला विचारतो, ते एकदा वहीत टिपून पाहा. फॉर्म मी आता सगळ्यांना सारखाच देते.

शेवटच्या भेटीत त्याने सांगितलं, साहेब अजूनही त्याला सगळं दोनदा समजावतात.

‘मग?’

‘समजावू देतो. दुसऱ्या खेपेला त्यांची चूक सापडते.’