क्रेनियोसेक्रल शिकायला इंग्लंडला येऊ का?

तुझा प्रश्न असा: फिजिओची डिग्री झाली, देवगडात दवाखाना आहे, गाडीवरून नाहीतर माडावरून पडून डोक्याला मार बसलेले बरेच येतात, तर क्रेनियोसेक्रल, म्हणजे डोक्यावर हलके हात ठेवून करायची थेरपी, शिकायला इंग्लंडला येऊ का? अगं, खुशाल ये. फक्त त्या कोर्ससाठी येऊ नकोस.

मी मालवणची, इथे बारा वर्षं फिजिओ आहे. 'फिजिओथेरपिस्ट' म्हणवून घ्यायला इथे एचसीपीसी या सरकारमान्य संस्थेची नोंदणी लागते, 'ऑस्टिओपॅथ' (हाडं-सांधे हातांनी हाताळून उपचार करणारा) म्हणवून घ्यायला १९९३ च्या कायद्याप्रमाणे जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलची. 'क्रेनियोसेक्रल थेरपिस्ट' अशी पाटी मात्र कुणीही लावावी. त्या सर्टिफिकेटवर तुला फिजिओची नोंदणी मिळणार नाही.

मुळात ही कल्पना सदरलँड या अमेरिकन ऑस्टिओपॅथची. सुट्या केलेल्या कवटीतल्या कानशिलाच्या हाडाची तिरपी कड त्याला माशाच्या कल्ल्यासारखी दिसली, म्हणून ही हाडं श्वासासारखी हलत असणार असं त्याने धरलं. बांगडे साफ करत वाढलेल्या आपल्याला उपमा झकास वाटते! पण एकाच डोक्यावर दोन थेरपिस्टांनी हात ठेवून ती हलण्याची लय मोजली तर आकडे जुळत नाहीत. बाळाची टाळू मऊ असते, मोठ्या माणसाची कवटी तशी नसते, हा फरक आहेच ना.

त्यापेक्षा चक्कर आणि मान शिक. माझे काका हापूसच्या कलमावरून पडले. सीटी स्वच्छ, मानेचा एक्स-रेही. तरी तीन महिने एकच तक्रार, "कुशीर वळलंय काय घर गरागरा फिरता." डोक्याला तेल चोळून झालं होतं. सुट्टीत गेले तेव्हा त्यांना पलंगावर बसवलं, मान उजवीकडे वळवून झटकन आडवं केलं, डोकं कडेखाली थोडं लोंबतं. चार-पाच सेकंद काही नाही, मग बुबुळं गरगरू लागली. आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडून नलिकेत गेलेले. लगेच एप्ली केली, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण नलिकेतून बाहेर काढले, दुसऱ्या दिवशी परत एकदा, आणि काका रात्री सरळ झोपले. हीसुद्धा हातांनीच केलेली थेरपी, फक्त हिला पुरावा आहे.

मार ताजा असेल, उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा नाकाकानातून पाणी असेल, तर हात लावू नकोस, थेट हॉस्पिटलला पाठव. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्यांनाही.

यायचंच असेल तर फिजिओच्या नोंदणीसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सरासरी ७ हवेत, कुठल्याच भागात ६.५ च्या खाली नको. आणि नोंदणीच्या अर्जासाठी तुझ्या डिग्रीच्या अभ्यासक्रमाचे तास कॉलेजकडून सही-शिक्क्यासकट आत्ताच लिहून घे. मी इथे आल्यावर मागितले, तर बाबांना क्लार्कच्या टेबलाशी चार खेपा माराव्या लागल्या.