जुनी इकोस्पोर्ट घेताना : वाचकांचे प्रश्न

फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले मोटारींचे उत्पादन थांबवायचे ठरवले आणि सेकंड हँड बाजारात तिच्या इकोस्पोर्ट या छोट्या एसयूव्हीचा भाव उतरला. स्वस्तात मजबूत गाडी मिळते म्हणून घेणारे वाढले, तसे प्रश्नही वाढले. जून २०१३ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या मॉडेलविषयीचे निवडक प्रश्न या वेळी मुख्यतः घेतले आहेत. इकोस्पोर्ट म्हणजे एकच गाडी असे समजू नका. कोणते इंजिन आणि कोणता गिअरबॉक्स, यावर सगळे ठरते.

२०१४ ची डिझेल टायटॅनियम बघितली आहे, ९५ हजार किलोमीटर चाललेली. विकणारा म्हणतो, 'सगळे रिकॉल झालेत.' कंपनीच गेली, मग खात्री कुठे करायची? – एक वाचक, सातारा

कंपनीने उत्पादन थांबवले, सर्व्हिस नेटवर्क चालू ठेवले आहे. आरसीवरचा १७ अक्षरी चेसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरला बनलेल्या गाडीचा नंबर 'एमएजे' या अक्षरांनी सुरू होतो. त्या नंबरावर कोणती दुरुस्ती बाकी आहे, हे तिथल्या संगणकावर दिसते. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका, सर्व्हिस हिस्टरीचा प्रिंट मागा. रिकॉल, म्हणजे दोष काढायला कंपनीने गाड्या परत बोलावणे, गाडीचा असतो, मालकाचा नाही. त्यामुळे तुम्ही तिसरे मालक असलात तरी बाकी काम कंपनीच्या खर्चाने करून मागा.

२०१३-१४ च्या गाड्यांबाबत तीन मोहिमा लक्षात ठेवाव्या लागतात. २०१४ च्या अखेरीस २०,७५२ गाड्या बाजूच्या आणि कर्टन एअरबॅगचे वायरिंग तपासायला बोलावल्या होत्या. जानेवारी २०१३ ते सप्टेंबर २०१४ मध्ये बनलेल्या गाड्या त्यात होत्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये १६,४४४ गाड्यांचे मागच्या ट्विस्ट बीमचे बोल्ट बदलायचे ठरले. मे २०१६ मध्ये ४८,७०० गाड्यांची मोहीम निघाली. तिच्यात डिझेल गाड्यांच्या इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या क्लिपने नीट बांधायच्या होत्या, आणि काही गाड्यांत ६०:४० दुमडणाऱ्या मागच्या सीटचे बोल्ट तपासायचे होते. तुमची गाडी या तिन्हींत असू शकते.

यांपैकी बीमचे बोल्ट सर्वांत महत्त्वाचे. मागची दोन्ही चाके ज्या आडव्या बीमवर असतात, तो बीम बॉडीला याच बोल्टांनी धरलेला असतो. वारंवारच्या ताणाने बोल्टला तडा जाऊन तो तुटला, तर मागची बाजू वळणावर भरकटते. गाडी रॅम्पवर घ्या आणि बीम जिथे बॉडीला जोडलेला आहे तिथे टॉर्च मारा. बोल्टच्या डोक्याभोवती गंजाची ताजी लाल रेघ किंवा घासल्याची चमक दिसली, तर सांधा हलतो आहे असे समजा. ब्रेक दाबताना किंवा खड्ड्यातून जाताना मागून एकच 'टक्' असा आवाज येणे हीही खूण. जुना बोल्ट आणखी आवळून भागत नाही, तो बदलावाच लागतो. नवा बोल्ट बसवताना शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी असताना करायची. जॅकवर लोंबकळत्या अवस्थेत आवळला, तर आतला रबरी बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. हे गॅरेजमध्ये मुद्दाम सांगावे लागते.

नळ्या बघायला तोच रॅम्प पुरतो. दोन नळ्या एकमेकींना किंवा पत्र्याला घासून चकचकीत झाल्या असतील, तर तिथे भोक पडायला वेळ लागत नाही. क्लिप जागेवर आहेत ना, ते हाताने चाचपून बघा.

एअरबॅगची प्राथमिक तपासणी इग्निशन ऑन करूनच होते. मीटरमधला एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटतच राहिला तर दोष आहे. मुळीच पेटला नाही, तर आणखी वाईट, कारण अपघातात एअरबॅग फुटलेल्या गाडीत दिव्याची जोडणी तोडून ठेवण्याची किंवा ती दुसऱ्या दिव्याला जोडण्याची चलाखी काही ठिकाणी करतात.

कायद्याबद्दलही थोडे. १ एप्रिल २०२१ पासून सदोष वाहने परत बोलावणे भारतात सक्तीचे करता येते, पण ती तरतूद सात वर्षांपर्यंतच्या वाहनांसाठी आहे. त्याआधीचे सगळे रिकॉल उद्योगाच्या स्वेच्छासंहितेखालचे. म्हणून २०१४ च्या गाडीसाठी सरकारी पोर्टलपेक्षा सर्व्हिस सेंटरची नोंदच उपयोगाची.

२०१५ ची पेट्रोल ऑटोमॅटिक आहे. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरते. मेकॅनिक म्हणतो, गिअरबॉक्सचे ऑइल बदलून बघू. – एक वाचक, ठाणे

ऑइल बदलून हा थरथराट जाणार नाही. २०१७ च्या फेसलिफ्टपर्यंतच्या (सुधारित रूप येईपर्यंतच्या) ऑटोमॅटिकमध्ये पॉवरशिफ्ट नावाचा सहा गिअरचा ड्युअल क्लच बॉक्स आहे आणि त्याचे दोन्ही क्लच कोरडे असतात. एक क्लच १-३-५ सांभाळतो, दुसरा २-४-६ आणि रिव्हर्स. सरपटत्या ट्रॅफिकमध्ये क्लच अर्धवट चिकटलेला राहतो, तापतो आणि त्याच्या पृष्ठभागावर चकाकी येते. त्यातून झटके सुरू होतात. दुसरे कारण इनपुट शाफ्टचे सील. ते झिरपले की तेल कोरड्या क्लचवर उडते, आणि मग नवा क्लच टाकूनही उपयोग होत नाही. क्लच बदलायचा झाला तर सीलही त्याच वेळी बदलून घ्या. काम विशेष टूलचे आहे आणि नंतर संगणकावर क्लचचे 'अ‍ॅडॅप्टिव्ह लर्निंग' (नव्या क्लचची पकड संगणकाला शिकवणे) करावे लागते. ते न करता गाडी हातात दिली, तर झटके तसेच राहतात.

या बॉक्सचा दुसरा आजार म्हणजे त्याचा कंट्रोल मॉड्यूल, गॅरेजच्या भाषेत टीसीएम. गाडी अचानक सुरूच न होणे, गिअर न पडणे, सिग्नलवर न्यूट्रलमध्ये जाणे ही लक्षणे. स्कॅनरवर यू०१०१ कोड आला, तर मॉड्यूलशी संपर्क तुटला आहे. पण थेट मॉड्यूल घेऊ नका. आधी बॅटरीचे व्होल्टेज, टर्मिनल आणि अर्थिंगची वायर तपासा. मरगळलेल्या बॅटरीनेही हाच कोड येतो, आणि तो खर्च मॉड्यूलच्या मानाने किरकोळ.

हा बॉक्स जगभर बदनाम आहे. ऑस्ट्रेलियात तक्रारी नीट न हाताळल्याबद्दल एप्रिल २०१८ मध्ये फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला, आणि त्या प्रकरणात इकोस्पोर्टही होती. तुमच्याकडे गाडी आहेच तर चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी रोखून धरू नका, ब्रेक वापरा. समोर थोडी जागा होऊ द्या आणि मग एका दमात पुढे जा. घेण्याच्या विचारात असलेल्यांना मात्र आमचा सल्ला स्पष्ट आहे: २०१३ ते २०१७ ची ऑटोमॅटिक सोडून द्या. फेसलिफ्टनंतर आलेला ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरचा (कोरड्या क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) आहे, त्याला हे दुखणे नाही.

माझी २०१४ ची १.० इकोबूस्ट आहे. टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये असतो हे खरे का? गॅरेजवाला म्हणतो, कुठलेही चांगले ऑइल चालते. – एक वाचक, कोल्हापूर

बेल्ट ऑइलमध्ये असतो हे खरे, आणि म्हणूनच कुठलेही ऑइल चालत नाही. या तीन सिलिंडरच्या टर्बो पेट्रोल इंजिनात टायमिंगचा बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा) आणि ऑइल पंपाचा छोटा बेल्ट, दोन्ही तेलात भिजत फिरतात. चुकीचे ऑइल, लांबवलेले सर्व्हिसिंग किंवा तेलात उतरलेले पेट्रोल यांनी रबर फुगते आणि त्याचे कण सुटतात. ते सम्पमधल्या (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीतल्या) पंपाच्या जाळीवर साचतात, तेलाचा दाब पडतो, टर्बो आणि बेअरिंग जातात. अनेकदा बेल्ट तुटण्याआधीच इंजिन संपते.

ऑइल ५डब्ल्यू-२०, आणि डब्यावर फोर्डचे डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी हे मानक छापलेले हवे. ते न वाचता डबा फोडू देऊ नका. फिल्टरसह साधारण ४ लिटर लागते. १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. शहरात जवळच्या फेऱ्या जास्त असतील तर आम्ही ७ हजारांवरच बदलू.

बेल्टसाठी फोर्डने दिलेली मुदत १० वर्षे किंवा २.४ लाख किलोमीटर. तुमच्या गाडीची दहा वर्षे उलटली, तेव्हा रीडिंग कितीही असो, दोन्ही बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) बदला. त्याच वेळी सम्प उतरवून जाळी बघायलाच हवी. जाळीवर काळे रबरी कण असतील तर ती साफ न करता नवा बेल्ट टाकणे म्हणजे पैसे पाण्यात. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लुकलुकला, तर गाडी तिथेच बंद करा. 'जवळच्या गॅरेजपर्यंत जाऊ' म्हणालात तर इंजिन बांधायचा खर्च येईल.

कूलंटही दर आठवड्याला, इंजिन थंड असताना बघा. पातळी मिन-मॅक्सच्या मध्ये हवी. या छोट्या टर्बो इंजिनात कूलंट थोडे थोडे जात राहिले, तर तापमानाचा काटा वर जाईपर्यंत हेड वाकलेले असू शकते. कडक झालेल्या नळ्या फुटण्याआधी बदला.

डिझेल इकोस्पोर्ट फक्त ६८ हजार चालली आहे, पण २०१३ ची आहे. टायमिंग बेल्ट आत्ताच बदलावा का? इंजिनातून 'चफ चफ' आवाजही येतो. – एक वाचक, नागपूर

बदला. रबर वयानेही म्हातारे होते, आणि विदर्भातला उन्हाळा त्याला आणखी सुकवतो. हा बेल्ट कोरडा आहे, त्यामुळे काम इकोबूस्टच्या मानाने सोपे. बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप घ्या. पंप नंतर गळला तर सगळे पुन्हा उघडावे लागते. बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात, म्हणून 'तुटेल तेव्हा बघू' ही पळवाट इथे नाही. १.५ पेट्रोल मॅन्युअलवाल्यांनीही हे वाचावे. त्यांच्या चार सिलिंडरच्या इंजिनातही कोरडा बेल्टच आहे, आणि त्यातली क्रँक पुली खाचेत बसत नाही, नुसत्या बोल्टच्या आवळणीवर धरलेली असते. लॉकिंग टूल नसलेल्या गॅरेजमध्ये ते काम देऊ नका, आणि क्रँकचा बोल्ट दर वेळी नवाच घ्या.

'चफ चफ' आवाज बहुधा इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वॉशरमधून गॅस निसटल्याचा. वरचे कव्हर काढा. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा चिकट थर दिसेल. लवकर लक्षात आले तर नवी वॉशर टाकून आणि खालची बैठक घासून भागते. नुसती वॉशर बदलून बैठक तशीच खरखरीत ठेवली, तर महिन्याभरात गळती परत.

दिल्लीहून आणलेली २०१५ ची डिझेल इथल्यापेक्षा बरीच स्वस्त मिळते आहे. काय अडचण येते? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या बाहेर स्वस्तात येतात. गाडीत खोट असेलच असे नाही. कागद मात्र आधी बघा. तिकडच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज होते तर फॉर्म ३५. इथे एमएच नंबरासाठी फॉर्म २७ आणि रोड टॅक्स. हा कर आणि पासिंगचा खर्च धरून किंमत मोजा, कारण विकणारा तो कधीच बोलत नाही. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर अक्षर न अक्षर जुळला पाहिजे.

समोरून खड्ड्यात खडखड आवाज येतो. गाडी २०१७ ची. – एक वाचक, पणजी

आधी स्टॅबिलायझरचे लिंक रॉड, मग लोअर आर्मचे बुश, मग शॉकअपचे वरचे माउंट, या क्रमाने तपासा. स्वस्त भाग आधी. पण मे-जून २०१७ मध्ये बनलेल्या ४,३७९ इकोस्पोर्टच्या पुढच्या लोअर आर्मच्या वेल्डिंगसाठी जुलै २०१८ मध्ये रिकॉल निघाला होता. तुमची त्या काळातली असेल तर बुश बदलण्याआधी चेसिस नंबर दाखवा.

इथे अमेरिकेत माझी २०१९ ची १.० इकोस्पोर्ट आहे, तिला रिकॉलचे पत्र आले. ती चेन्नईत बनली म्हणे. भारतातल्या भावाच्या गाडीलाही तो लागू आहे का? – एक वाचक, न्यू जर्सी

अमेरिकेत विकलेल्या इकोस्पोर्ट चेन्नईतूनच गेल्या. तुमचा रिकॉल डिसेंबर २०२३ चा, इकोस्पोर्ट आणि फोकस मिळून १,३९,७३० गाड्यांचा. ऑइल पंपाच्या बेल्टचा टेन्शनर तुटला तर तेलाचा दाब जातो, इंजिन बंद पडते आणि ब्रेकची मदतही कमी होते. काम मोफत आहे, लांबवू नका. २.० लिटरच्या गाडीला तो लागू नाही. अमेरिकेतला आदेश भारतात आपोआप लागू होत नाही. भावाकडे १.० असेल तर चेसिस नंबर देऊन इथल्या सर्व्हिस सेंटरला लेखी विचारायला सांगा, आणि तोवर ऑइलचा दिवा व ऑइलचा डबा, दोन्हींवर लक्ष ठेवायला सांगा.