अडीच लाखांचा प्रश्न आणि फॉर्मवरचं एक 'नाही'

एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 38, खासगी नोकरी. पत्र लांब आहे, त्यातला कामाचा भाग त्यांच्याच शब्दांत:

"वडील 67 वर्षांचे. सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या कारखान्यात 1988 ते 2016 नोकरी केली, शेवटचा पगार 14,000. दोनेक वर्षांपासून दम लागतो. आधी टीबी समजून सहा महिने गोळ्या झाल्या, फरक पडला नाही. गेल्या महिन्यात फुफ्फुसांचा एचआरसीटी स्कॅन केला तेव्हा डॉक्टर म्हणाले, अ‍ॅस्बेस्टोसिस, म्हणजे पत्र्यांतल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार. एक सल्लागार भेटले आहेत. कंपनी आणि परदेशी ट्रस्ट मिळून 40 लाख मिळवून देतो म्हणतात. फाइल खर्चाचे अडीच लाख आगाऊ, शिवाय मिळेल त्याच्या 30 टक्के. वडिलांची सहा लाखांची एफडी आहे, ती मोडू का? उपचारांची चिंता नाही, कारण आठ महिन्यांपूर्वीच बँकेतून आईवडिलांचा दहा लाखांचा मेडिक्लेम घेतला, प्रीमियम 62,000. फॉर्म बँकेतल्या मॅडमनीच भरून दिला. भरपाई आली की पैसे इकडेतिकडे जाऊ नयेत म्हणून माझ्या नावावर वर्षाला दोन लाखांचा गॅरंटीड इन्कम प्लॅनही घेतला आहे. पगारातून ईएसआय (कामगारांची सरकारी विमा योजना) कापला जायचा, पण त्या दवाखान्यात आम्ही कधी गेलो नाही. आई ठणठणीत आहे, जुना खोकला सोडला तर."

एफडी मोडू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं.

आता जे विचारलं नाही त्याकडे येतो, कारण या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य 40 लाखांचं नाही. "फॉर्म मॅडमनीच भरून दिला" हे आहे.

त्या प्रस्ताव अर्जाची प्रत पॉलिसीच्या पाकिटात असते. ती आज रात्री काढा. श्वसनाचा काही आजार आहे का, गेल्या काही वर्षांत कसले उपचार घेतले, असे प्रश्न त्यात असतील आणि त्यांच्यासमोर मॅडमनी सरळ 'नाही' लिहिलं असेल. पण दम दोन वर्षांपासून लागतोय. टीबीच्या गोळ्या सहा महिने झाल्यात, त्यांचे कागद कुठल्यातरी दवाखान्यात आहेत. पॉलिसी आठ महिन्यांपूर्वीची. म्हणजे अर्जावर सही झाली त्या दिवशी ते 'नाही' खोटं होतं. मॅडमना ते माहीत नसेल, तुम्हाला होतं. आणि विमा कंपनी मॅडमना धरत नाही, खाली सही ज्याची त्याला धरते.

आता दोन्ही फाइली शेजारी ठेवून बघा. भरपाईच्या फाइलमध्ये तुम्हाला सिद्ध करायचंय की हा आजार कारखान्यातला आहे, वर्षानुवर्षं धूळ आत गेली, त्रास जुना आहे. मेडिक्लेमच्या फाइलमध्ये तुम्ही लिहून दिलंय की आठ महिन्यांपूर्वी काहीही नव्हतं. जो कागद एका ठिकाणी जिंकवेल तोच दुसऱ्या ठिकाणी पॉलिसी बुडवेल. अ‍ॅस्बेस्टोसिस हा काही गेल्या पावसाळ्यात झालेला आजार नसतो. धूळ फुफ्फुसात गेल्यापासून तो दिसायला लागेपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षं किंवा त्याहून जास्त जातात, मेसोथेलिओमाला, म्हणजे याच धुळीने होणाऱ्या कर्करोगाला, तर तीस-चाळीसही लागतात. क्लेम तपासणाऱ्या डॉक्टरला हे पाठ असतं. डिस्चार्ज कार्डावर 'अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यात 28 वर्षं' एवढं वाचलं की तो मागची तारीख स्वतःच मोजतो.

कोणीतरी तुम्हाला सांगेल, "पाच वर्षं गप्प बसा, मग कंपनी काही विचारू शकत नाही." नियम अर्धवट ऐकलेला आहे. 2024 पासून आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची, आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, हे खरं. पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण उरत नाही. आणि ज्या माणसाला आज जिना चढवत नाही, त्याला पाच वर्षं हॉस्पिटलबाहेर ठेवण्याची योजना तुमच्याकडे आहे का? तोवर 62,000 च्या हिशेबाने तीन लाख भरून झालेले असतील, आणि वयाबरोबर प्रीमियम वाढतो तो वेगळा.

म्हणून कंपनीला स्वतःहून लिहा. टीबीचे उपचार, दम, नोकरीचं स्वरूप, नवा रिपोर्ट, सगळं. फार तर वडिलांचं नाव वगळतील, फुफ्फुसांचे आजार कायमचे बाहेर ठेवतील, प्रीमियम वाढवतील किंवा पॉलिसीच रद्द करतील. यातलं काहीही झालं तरी आयसीयूच्या दारात "क्लेम नामंजूर" ऐकण्यापेक्षा स्वस्त. आईंचं नाव त्याच पॉलिसीत आहे. त्यांची वेगळी पॉलिसी मिळते का हेही त्याच पत्रात विचारा.

मग वडिलांच्या उपचारांचं काय? ते तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहून टाकलंय. ईएसआय. शेवटी शेवटी पगारातून पावणेदोन टक्के, म्हणजे महिन्याला 245 रुपये कापले जात होते. किमान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्या माणसाला आणि त्याच्या जोडीदाराला ईएसआयची वैद्यकीय सेवा पुढेही मिळते, वर्षाला 120 रुपये भरून. लिहिताना एखादं शून्य राहिलेलं नाही, एकशे वीसच. तुम्ही 62,000 भरून जे मिळेल की नाही याची खात्री नाही ते विकत घेतलंत, आणि वडिलांच्या हक्काचं नऊ वर्षं घेतलं नाहीत. त्या दवाखान्यात रांग असते, औषध कधी नसतं, मान्य. पण मोठ्या उपचारांसाठी ते करारातल्या खासगी हॉस्पिटलांकडे पाठवतात, आणि तिथे फॉर्मवर खोटं लिहावं लागत नाही. सत्तरी पूर्ण झाली की आयुष्मानचं पाच लाखांचं कार्डही मिळेल, उत्पन्नाची अट नाही. ते तीन वर्षांनी.

ईएसआयचं दुसरं अंग तुमच्या सल्लागाराने सांगितलं नाही. त्यात त्याला काही मिळत नाही, हे एक कारण असावं.

अ‍ॅस्बेस्टोसिस हा कायद्याच्या परिशिष्टातला व्यवसायजन्य आजार आहे. ठरलेला काळ त्या कामात घालवला असेल तर आजार कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो, उलट सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर. आता आकडे. वडील ईएसआयमध्ये नसते तर 1923 च्या भरपाई कायद्याचं सूत्र लागलं असतं, 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तसंच आहे: पगाराच्या 60 टक्के गुणिले वयाचा गुणक. 65 आणि त्यापुढे हा गुणक 99.37. 14,000 चे 60 टक्के 8,400, त्याला जवळपास शंभराने गुणलं की 8 लाख 35 हजार. तेही अपंगत्व शंभर टक्के ठरलं तर. समजा वैद्यकीय मंडळाने 30 टक्के ठरवलं, तर अडीच लाख. सल्लागाराचा फाइल खर्च किती होता? अडीच लाख. वर त्यातले 30 टक्के.

पण हा दरवाजा बहुधा तुमचा नाहीच. ईएसआयचा विमाधारक असेल त्याला त्याच आजारासाठी मालकाकडून या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही. त्याला ईएसआयकडून दरमहा मिळतं, आणि कायमच्या अपंगत्वात हयातभर. ढोबळ हिशेब: वेतनाच्या 90 टक्के म्हणजे 12,600, त्याच्या 30 टक्के म्हणजे महिन्याला 3,700-3,800. वर्षाचे 45 हजार. नक्की दर ईएसआय महामंडळ ठरवेल, थोडं इकडेतिकडे होईल. यासाठी शाखा कार्यालयात अर्ज करायचा, पुढे वैद्यकीय मंडळासमोर जायचं. टक्केवारी पटली नाही तर अपील करता येतं. अर्जाला फाइल खर्च नाही.

एक कटू गोष्ट लिहितो, ती वडिलांसमोर वाचू नका. व्यवसायजन्य आजार म्हणून मान्यता मिळालेली असेल आणि पुढे मृत्यू त्याच आजाराने झाला, तर पत्नीला आश्रित म्हणून लाभ मिळतो, पूर्ण दराच्या, म्हणजे वरच्या 12,600 च्या, तीन पंचमांश. इथे ते साडेसात हजारांच्या आसपास येतं, दरमहा. आज कागद झाले नाहीत आणि मृत्यूच्या दाखल्यावर 'श्वसनक्रिया बंद पडल्याने' एवढंच आलं, तर आईंना हे मिळवताना नाकी नऊ येतील. 40 लाखांच्या गप्पांत ही रक्कम कुणालाच दिसली नाही.

कागद कोणते? नोकरीचा दाखला, ईएसआयचा विमा क्रमांक, एचआरसीटीची सीडी (नुसता रिपोर्ट पुरत नाही), फुफ्फुसाची क्षमता मोजणारी पीएफटी, टीबीचे जुने कागद. आणि कारखान्यात झालेल्या तपासण्यांची नोंद. हे कारखाना देत नाही, "जुनं रेकॉर्ड नाही" म्हणतात. 27 जानेवारी 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं आहे की प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवा. तुमच्या वडिलांसाठी पहिली तारीख 2028, दुसरी 2031. म्हणजे 2031 पर्यंत ती नोंद त्यांच्याकडे असलीच पाहिजे. पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, तोंडी विचारू नका. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने आजार प्रमाणित केला तर कारखान्याने तीन महिन्यांत एक लाख द्यावेत, हेही त्याच निकालात आहे. एक लाख, 1995 चे. तेव्हा ती रक्कम होती, आज आयसीयूचे काही दिवस निघतील. तरी मागायची.

वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, औद्योगिक कामगाराला तिथे मोफत मदतीचा हक्क आहे. आणि मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागणारा माणूस वकील असेल तर तो स्वतःच्याच बार कौन्सिलचा नियम मोडतोय. वकील नसेल तर त्याला तुमच्या वतीने करता येण्यासारखं फारसं काही नाही, झेरॉक्स सोडून.

परदेशी ट्रस्टबद्दल थोडक्यात. अमेरिकेत दिवाळखोरीत गेलेल्या कंपन्यांचे असे ट्रस्ट आहेत, पण ते त्या त्या कंपनीच्या मालाशी संबंध सिद्ध करणाऱ्यांसाठी, आणि अनेक ट्रस्ट मान्य केलेल्या रकमेचा लहानसा हिस्साच हातात देतात. दक्षिण आफ्रिकेच्या खाण कामगारांनी केप या ब्रिटिश कंपनीला थेट लंडनच्या कोर्टात खेचलं. 2000 मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने खटला इंग्लंडमध्ये चालू दिला, केवढा मोठा विजय. 2003 मध्ये कंपनीने शेवटी दिले 75 लाख पौंड, दावेदार साधारण साडेसात हजार. भागाकार तुम्हीच करा. तुमच्या वडिलांच्या कारखान्याचा परदेशी कंपनीशी संबंध होता का, हे सल्लागाराला विचारलंत का? पत्रात तर दिसत नाही.

राहिला तो गॅरंटीड प्लॅन. बाजारात तुरी, आणि तुम्ही हप्तासुद्धा भरून मोकळे. न आलेल्या पैशाला शिस्त लावायला वर्षाला दोन लाख, किती वर्षं ते तुम्ही लिहिलं नाही. दहा वर्षांचा असेल तर 20 लाखांचं बंधन, तेही तुमच्या पगारावर. 'गॅरंटीड' शब्द ऐकून माणसं परतावा विचारायचे थांबतात. अशा योजनांत तो बऱ्याचदा पाच-सहा टक्क्यांच्या घरात निघतो, म्हणजे एफडीच्या आसपास, फक्त दारं बंद करून. तीस दिवसांची परतीची मुदत गेली असणार. ऑक्टोबर 2024 नंतरची पॉलिसी असेल तर पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर सरेंडर करून काहीतरी हातात येतं. किती, ते कंपनीकडून लेखी मागवा आणि दुसरा हप्ता भरण्याआधी मागवा. मॅडमचा फोन येईल, "सर, नुकसान होईल." झालेलं आहे. दोन लाखांवर थांबायचं की चार लाखांवर, एवढंच आता तुमच्या हातात आहे.

सहा लाखांची एफडी आहे तिथे राहू द्या, व्याज जास्त मिळावं म्हणूनही हलवू नका. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर कधी लागेल सांगता येत नाही.

आणि आई. वडील घरी येत तेव्हा अंगावरचे धुळीचे कपडे झटकून कोण धुवायचं, 28 वर्षं? कामगारांच्या बायकांना त्या धुळीतून हे आजार झाल्याचं वैद्यकशास्त्राला जुनं माहीत आहे. त्या कारखान्याच्या कर्मचारी नव्हत्या, त्यामुळे वर लिहिलेला कुठलाही कायदा त्यांना स्वतःच्या आजाराची भरपाई देत नाही. त्यांच्या जुन्या खोकल्याचा एक्स-रे काढून घ्या, छातीच्या डॉक्टरांना नवऱ्याची नोकरी सांगून. वेगळ्या पॉलिसीचा अर्ज त्याच्या नंतर भरा, आणि या वेळी स्वतःच्या हाताने. वर्षाच्या त्या 120 रुपयांत त्यांचंही नाव आहे.